संगणकाची वेस



गेटसभेत बोलायची सवय असलेल्या माणसाला व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे केले म्हणजे त्याची थोडी पंचाईतच होते. तिथे समोरचा माणूस मधूनमधून घोषणा देऊन आपल्याला सावरून घेतो. इथे तुम्ही शांतपणे ऐकता, आणि शांतपणे ऐकणाऱ्याचे भय अधिक. त्यातून हे न्यायमूर्ती रानड्यांचे जन्मगाव. ते १८४२ साली इथे जन्मले, आणि पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा पाया १८७५ साली त्यांनीच घातला. तेव्हा या गावात वसंत ऋतूत तोंड उघडायचे ते जरा जपूनच.

आजचा विषय पत्रिकेत छापला आहे : लिनक्स संगणकावरची फायरवॉल, ती बदलावी कशी आणि बंद करावी की नाही. पत्रिका वाचून एका स्नेह्यांनी मला विचारले, "बोनस आणि ग्रॅच्युइटी सोडून तुम्ही हे कुठे शिरलात?" मी त्यांना म्हटले, ज्या टेबलावर पूर्वी हजेरीपट असे, त्या टेबलावर आज संगणक आहे. हजेरी, पगार, फंड, पतपेढीचे हप्ते, सगळे त्याच्या पोटात. कामगाराची भाकरी ज्या पेटीत ठेवलेली आहे तिचे कुलूप लागते की नाही, हे पाहणे संघटनेच्या कामाबाहेरचे कसे? यातले मला जे थोडेफार समजते ते कॉलेजात शिकलेले नाही. पुस्तके आणून, यंत्र उघडून, आणि आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुलांना विचारून मिळवलेले आहे. म्हणून शब्द साधे असतील.

प्रथम नावाचा खुलासा. फायरवॉल म्हणजे आग अडवणारी भिंत. हा शब्द संगणकवाल्यांनी इमारती बांधणाऱ्यांकडून घेतला. कापसाच्या गिरणीत जिथे गाठी फोडून कापूस पिंजला जातो, तिथे हवेत कापसाची धूळ भरलेली असते. एक ठिणगी पुरते. तिथली आग शेजारच्या खात्यात जाऊ नये म्हणून मध्ये जाड भिंत घालतात. भिंतीने आग विझत नाही. ती एका खात्यात कोंडून राहते, एवढेच.

अशी भिंत नसली म्हणजे काय होते, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचे जहाज लागले होते. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. एकाच खणात खाली कापूस, वर स्फोटके. दुपारी कापूस धुमसू लागला, चार वाजून गेल्यावर जहाज उडाले आणि त्याबरोबर गोदी आणि आसपासची वस्तीही गेली. शेकडो माणसे मेली. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. आज १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. युद्ध चालू होते, जहाजांची टंचाई होती, माल लवकर हलवायचा होता. म्हणून जे एकत्र ठेवू नये ते एकत्र ठेवले गेले. "लवकर हलवायचे होते" हे शब्द तेवढे ध्यानात असू द्या. पुढे ते पुन्हा येणार आहेत.

आता संगणकाकडे वळू. जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक संगणकाला एक पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर दारे असतात. इंग्रजीत त्यांना पोर्ट म्हणतात. १ पासून ६५,५३५ पर्यंत त्यांचे क्रमांक. घाबरू नका, ही दारे लाकडाची नव्हेत, नुसते आकडे आहेत. पण कोणते काम कोणत्या आकड्यावर चालावे याचा रिवाज ठरलेला आहे. २२ क्रमांकावर दुरून येऊन यंत्र चालवता येते. ६३१ वर छपाईची कामे येतात. ४४५ वर एका संगणकातील कागद दुसऱ्याला वाचता येतात. दाराच्या आत एखादा कार्यक्रम कान देऊन बसलेला असेल तरच त्या दाराला अर्थ. आत कोणी ऐकतच नसेल, तर बाहेरून कितीही ठोठावा, उत्तर येत नाही.

फायरवॉल या दारांपुढे बसते. आपल्याकडे गावकुसाला वेस असे आणि वेशीवर वेसकर. रात्री येणाऱ्याला तो विचारी : कुठून आलास, कोणाकडे जायचे, काम काय? फायरवॉल हेच तीन प्रश्न विचारते. कोणत्या पत्त्यावरून आलास, कोणत्या पत्त्यावर जायचे, दार कोणते? तिच्याजवळ नियमांची यादी असते. ती वरून खाली वाचत जाते, आणि जो नियम लागू पडला त्याप्रमाणे आत सोडते किंवा परत पाठवते. आणखी एक गोष्ट तिला येते. सकाळी शेतावर गेलेला माणूस संध्याकाळी परतला तर वेसकर त्याला अडवीत नसे, कारण जाताना त्याने त्याला पाहिलेले असे. फायरवॉलही आतून बाहेर गेलेली मागणी लक्षात ठेवते आणि तिचे उत्तर आले की वाट देते. म्हणून बाहेरच्यांना सगळी दारे बंद ठेवूनही तुम्ही घरात बसून जगाची वर्तमानपत्रे वाचू शकता.

जाता जाता एक सांगतो. वेशीची राखण महारांकडे असे, आणि ज्याच्यावर गावाच्या दाराची भिस्त त्याचे स्वतःचे घर मात्र कुसाबाहेर. कोणाला आत घ्यायचे हे ठरवणारे वेगळे, त्यासाठी रात्रभर जागणारा वेगळा, आणि चोरी झाली की जाब त्या जागणाऱ्याला. हे मी इतिहासाच्या हौसेने सांगत नाही. थोड्या वेळाने याचीच नवी आवृत्ती सांगणार आहे.

लिनक्सविषयी दोन शब्द. १९९१ साली हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहायला घेतला आणि तो जगाला वाटून टाकला. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा तोच. आपल्या सी-डॅकने बॉस या नावाने भारतीय भाषांसाठी लिनक्सची आवृत्ती काढली तीही त्याच गाभ्यावर. किंमत पडत नाही म्हणून लहान संस्थांना ते परवडते. हजारो माणसांनी मजुरी न मोजता मिळून उभे केलेले हे काम आहे, आणि माझ्यासारख्याला त्याचे कौतुक वाटणारच.

या गाभ्यातच फायरवॉलचे यंत्र बसवलेले आहे. त्याला नेटफिल्टर म्हणतात, आणि २००१ सालच्या २.४ या आवृत्तीपासून ते त्यात आहे. आपण वापरतो ती त्याची मूठ असते. उबंटूत त्या मुठीचे नाव यूएफडब्ल्यू. रेड हॅट आणि फेडोरात फायरवॉलडी. मूठ वेगळी, पाते एकच. फरक मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे : फेडोरा घरी आणले तर फायरवॉल चालू असते. उबंटूत ती बसवलेली असते, पण चालू केलेली नसते. वेस बांधली आहे, वेसकराची नेमणूक तुम्ही करायची. नव्या उबंटूत बाहेरच्यासाठी ऐकत बसलेले कार्यक्रम फार थोडे असतात, म्हणून हे चालून जाते. पण पुढे आपण एकेक कार्यक्रम बसवत जातो, दारे उघडत जातात, आणि नेमणूक राहूनच जाते.

"लिनक्सला काही होत नाही" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. दुकानांतून जे कॅमेरे लावलेले आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पोटात लिनक्सच असते. २०१६ साली मिराई नावाच्या किडीने असे लाखो कॅमेरे आणि राऊटर पकडले. युक्ती काय? २३ क्रमांकाचे दार उघडे आहे का पाहायचे आणि कारखान्यातून आलेले साठेक परवलीचे शब्द एकेक करून लावायचे. बस. त्या कॅमेऱ्यांची फौज करून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील मोठमोठ्या संकेतस्थळांची वाट कित्येक तास अडवली गेली. कॅमेऱ्याच्या मालकांना पत्ताही नव्हता. त्यांचे चित्र व्यवस्थित दिसत होते!

तर मग माणसे फायरवॉल बंद का करतात? माझ्या मते याचे उत्तर कारखान्यात सापडते. १९४८ च्या कारखाने कायद्यात २१ वे कलम होते : यंत्राचे धोक्याचे भाग कुंपण घालून झाकलेच पाहिजेत. तरीही प्रत्येक कारखान्यात जाळी काढून कोपऱ्यात उभी केलेली मी पाहिली आहे. प्रेसवर दोन बटणे असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय घाव पडू नये, म्हणजे हात आत राहणार नाहीत, ही योजना. कामगार एक बटण काडी घालून दाबून ठेवतो. तो मूर्ख असतो का? त्याला तासाला अमुक नग काढायचे असतात आणि दोन बटणांनी ते निघत नाहीत. जाळी काढली की काम सुरू होते, हे लगेच दिसते. बोट जाते ते सहा महिन्यांनी. आणि मग चौकशीत विचारतात, जाळी कोणी काढली? नगांचा आकडा कोणी ठरवला, हे कोणी विचारीत नाही.

अगदी हेच एका कामगार पतपेढीत घडले. नाव सांगत नाही. तिथे एका उबंटू संगणकावर सभासदांच्या खात्यांच्या वह्या होत्या. फायरवॉल चालू होती. २२ क्रमांकाच्या दारावर फक्त दुरुस्तीवाल्याच्या कचेरीचा पत्ता आत येऊ शके. त्याला बसल्या जागेवरून दुरुस्ती करता यावी म्हणून राऊटरमधूनही त्या दाराची वाट या संगणकाकडे काढून दिली होती. ३१ मार्चच्या संध्याकाळी, हिशेब बंद करायच्या घाईत, दुसऱ्या टेबलावरच्या संगणकाला या वह्या दिसेनात. व्यवस्थापक मागे उभे. दुरुस्तीवाला फोनवर. तो म्हणाला, आत्ता फायरवॉल बंद करा, नंतर पाहू. हिशेब लिहिणाऱ्या बाई कंत्राटावर होत्या. त्यांनी सांगितले तसे टंकले : सुडो यूएफडब्ल्यू डिसेबल. परवलीचा शब्द दिला. वह्या दिसू लागल्या, सगळ्यांनी चहा घेतला.

ते "नंतर" आठ महिन्यांनी आले, दुसरा एक तरुण कारागीर काही बसवायला आला तेव्हा. त्याने आधी स्थिती विचारली. यंत्राने उत्तर दिले : इनॅक्टिव्ह. एवढ्या काळात २२ क्रमांकाच्या दारावर जगभरातून हजारो वेळा ठोठावल्याची नोंद होती. सुदैवाने कोणाला शब्द सापडला नव्हता. पण संचालक मंडळ खवळले, आणि कोणी केले म्हणून शोध सुरू झाला. लिनक्समध्ये सुडो लिहून जे हुकूम देतात त्यांची नोंद राहते : कोणत्या नावाने, किती वाजता, काय हुकूम. नोंद उघडली तर नाव त्या बाईंचे. काढून टाकण्याची नोटीस निघाली.

मी त्यांच्या वतीने चौकशीला बसलो. यंत्राची साक्ष खोटी नव्हती. हुकूम त्यांच्याच बोटांनी दिला गेला होता. परंतु यंत्राने फोनवरचा आवाज लिहून ठेवला नव्हता, आणि मागे उभे राहून "काही करा, पण आज बंद करा" म्हणणाऱ्याचा शब्दही नाही. मी व्यवस्थापकांना विचारले, हा बदल करायला लेखी परवानगी लागते असा नियम संस्थेत होता का? नव्हता. परत चालू करण्याचे काम कोणावर सोपवले होते का? नव्हते. या बाईंना फायरवॉल म्हणजे काय हे कोणी कधी सांगितले होते का? त्यावर ते गप्प बसले. नोटीस मागे घेतली गेली, पण ताकीद कागदावर राहिली, आणि ती मला आजही मान्य नाही. वेसकराचा न्याय म्हणालो तो हा.

आता त्या संध्याकाळी काय करायला हवे होते ते सांगतो, कारण नुसती तक्रार करून वह्या दिसत नाहीत. हुकूम मी मराठी उच्चारात सांगतो. टंकायचे ते इंग्रजी अक्षरांत. पहिले काम, स्थिती विचारणे : सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस. दुसरे, कोणत्या दारांवर कोण ऐकत बसले आहे ते एसएस या आज्ञेने पाहणे. वह्या वाटणारा कार्यक्रम सांबा असेल, तर तो ४४५ वर ऐकताना दिसेल. मग तेवढेच दार, तेही कचेरीतल्याच संगणकांना, उघडायचे : सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ४४५ प्रोटो टीसीपी. तो मधला आकडा म्हणजे कचेरीच्या आतले पत्ते. तुमच्याकडे वेगळे असू शकतील, ते आधी पाहून घ्या. या एका ओळीला एक मिनिट लागते. वेशीचे दरवाजे काढून सरपणाला घालायचे कारण नव्हते.

कधी कधी खरोखरच शंका येते, की दोष फायरवॉलचा आहे की आणखी कशाचा. अशा वेळी क्षणभर ती बंद करून पाहणे हा गुन्हा नाही. वैद्यही नाडी पाहण्यासाठी मनगटावरचे कापड बाजूला करतो. पण मुठीमुठीत फरक आहे. यूएफडब्ल्यूला डिसेबल सांगितले तर ती यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही बंदच राहते. नियम पुसले जात नाहीत, एनेबल म्हटले की जसेच्या तसे परत येतात. पण एनेबल म्हणायला माणूस लागतो, आणि माणूस चहा प्यायला जातो. फायरवॉलडी नुसती स्टॉप केली तर यंत्र पुन्हा सुरू होताच ती परत कामावर येते. डिसेबल केली तर येत नाही. फायरवॉलडीत मला फार आवडलेली एक सोय आहे : दार उघडताना टाइमआउट, म्हणजे मुदत, सांगता येते. पंधरा मिनिटे सांगितली की पंधरा मिनिटांनी दार आपोआप बंद. प्रेसची जाळी अशी आपण होऊन परत बसती, तर कित्येकांची बोटे आज हाताला असती. यूएफडब्ल्यूत ही सोय नाही. तिथे बंद करण्याच्या आधीच, इतक्या मिनिटांनी पुन्हा चालू कर, असा हुकूम ॲट या आज्ञेने यंत्राच्या हवाली करून ठेवावा.

एक सावधगिरी उलट बाजूची. दूरच्या यंत्रावर २२ क्रमांकाच्या दारातून काम करीत असाल आणि ते दार नियमात न लिहिताच फायरवॉल चालू केलीत, तर तुमचाच पाय वेशीबाहेर राहतो. मग गाडी करून त्या यंत्रापाशी जावे लागते. आधी २२ ला परवानगी, मग एनेबल.

आता एक आक्षेप. लोक म्हणतात, कचेरीला राऊटर आहे, बाहेरच्यांना तोच अडवतो, मग प्रत्येक संगणकावर आणखी वेस कशाला? याचे उत्तर आपल्या कांद्याच्या वाटेवरच आहे. लासलगावचा कांदा आणि या तालुक्याची द्राक्षे न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून परदेशी जातात. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाची कीड मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या संगणकांत शिरली, आणि त्याच कंपनीच्या समूहाकडे असलेल्या न्हावाशेव्याच्या एका धक्क्याचे काम कोलमडले. क्रेन शाबूत, माणसे हजर, जहाज उभे. पण कोणता कंटेनर कुठे आहे हे सांगणारा संगणक मुका. तुंबणारा माल उभा करायला बंदराला जागांची सोय करावी लागली. द्राक्षांचा हंगाम जूनपर्यंत आटोपलेला असतो, हे आपले नशीब.

ही कीड बाहेरचे दार फोडून आली नव्हती. युक्रेनमधील एका हिशेबाच्या कार्यक्रमाच्या नव्या आवृत्तीत ती लपवलेली होती. म्हणजे ओळखीच्या माणसाच्या हातून, सरळ वेशीतून आत. एकदा आत आल्यावर मात्र ती एका संगणकातून दुसऱ्यात गेली, मुख्यतः त्याच ४४५ क्रमांकाच्या दाराने आणि चोरलेल्या परवलीच्या शब्दांनी. बाहेर तट भक्कम, आत सगळी घरे सताड उघडी. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले की ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्याने बसवावे लागले. सगळ्या जाळ्याच्या नावापत्त्यांची नोंद ठेवणारे त्यांचे संगणक जगभर पुसले गेले होते. वाचला तो एकटा घानातला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. भारनियमनाने कोणाचे भले केल्याचे माझ्या ऐकिवातले हे एकच उदाहरण.

ते संगणक विंडोजचे होते, लिनक्सचे नव्हते, हे कबूल. पण त्याच्या एकच महिना आधी, मे २०१७ मध्ये, लिनक्सवरच्या त्या सांबा कार्यक्रमात सात वर्षे दडून राहिलेले भोक उघडकीस आले होते, आणि त्याची वाटही ४४५ वरूनच होती. ज्यांनी ते दार मोजक्या पत्त्यांपुरते ठेवले होते त्यांना दुरुस्ती बसवायला सवड मिळाली. फायरवॉल भोक बुजवत नाही. गिरणीतल्या भिंतीसारखी ती सवड देते.

संस्थांच्या चालकांना माझी एक मागणी आहे, आणि मागण्या करणे हा माझा धंदाच आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याचे स्वतःचे नाव द्या. एकाच नावाने चौघे काम करीत असतील तर नोंदवहीत खोटे लिहिले जाते. फायरवॉल बदलण्याचा अधिकार एका-दोघांना लेखी द्या. आणि संगणकाशेजारी एक साधी दोन रुपयांची म्हणा, वीस रुपयांची म्हणा, वही ठेवा : कोणते दार, कोणासाठी, कोणाच्या सांगण्यावरून, केव्हा बंद करायचे. यातला "कोणाच्या सांगण्यावरून" हा रकाना वरिष्ठांना आवडत नाही असा माझा अनुभव आहे. तोच पहिला आखून घ्या. त्या पतपेढीत आता अशी वही आहे. मी मागे गेलो तेव्हा तिच्यात चार नोंदी होत्या आणि चारही दारे मुदतीत बंद झालेली होती. वही त्या बाईच लिहितात.

व्याख्यान संपल्यावर मी अर्धा तास इथेच आहे. दोन मुले आपापले संगणक घेऊन आली आहेत, एकावर उबंटू आहे आणि एकावर फेडोरा. ज्यांना हुकूम प्रत्यक्ष पाहायचे असतील त्यांनी पुढे यावे. ज्यांचे यंत्र घरी आहे त्यांनी तो पहिला, स्थिती विचारणारा हुकूम कागदावर लिहून न्यावा. उत्तर इनॅक्टिव्ह आले तर दचकू नये, आधी कोणती दारे ऐकत आहेत ती पाहावीत, आणि मगच एनेबल म्हणावे.